उभे राहण्याचे तास

माझ्या रक्तदाबाची अडचण अशी होती की तो कुणाच्याही यंत्रात सापडत नव्हता. खुर्चीत बसवून दंडाला पट्टा बांधला की वरचा आकडा १३० च्या आसपास यायचा, कधी त्याहून थोडा जास्तही, आणि मोजणारी व्यक्ती समाधानाने सांगायची की बीपी अगदी छान आहे. त्यानंतर खुर्चीतून उठून दारापर्यंत पोहोचेतो माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, मानेच्या मागच्या बाजूपासून दोन्ही खांद्यांपर्यंत बोथट दुखणे पसरायचे आणि हाताला लागेल त्याचा आधार घेऊन थांबावे लागायचे. बसले की दोन-तीन मिनिटांत सगळे पूर्ववत. या लक्षणांना वय, अशक्तपणा, कानातला तोल आणि मानेचे मणके अशी बरीच कारणे आळीपाळीने चिकटवली गेली. मणक्यांचे तर एक्स-रेही निघाले. या वयात कुणाच्याही मानेत दिसावी तेवढी झीज त्यांत दिसली आणि काही काळ मी गळ्यात पट्टा घालून वावरलो. मला वीस वर्षांहून अधिक काळ मधुमेह आहे, हे प्रत्येक कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलेले असायचे, पण त्याचा आणि उभे राहिल्यावर येणाऱ्या घेरीचा संबंध कुणी जोडला नव्हता.

तो जोडला एका फिजिशियनने, आणि त्यासाठी त्यांनी केलेली तपासणी इतकी साधी होती की ती आधी कुणालाच का सुचली नाही याचे मला अजून नवल वाटते. त्यांनी मला पाच मिनिटे उताणे झोपवून ठेवले आणि दाब मोजला. १५२/८४, नाडी ७२. मग उभे केले आणि पट्टा दंडावरच ठेवून पुन्हा मोजला. पहिल्या मिनिटाला १०८/६४. तिसऱ्या मिनिटाला ९४/५८, आणि नाडी फक्त ७७. तोवर माझे बोलणे अडखळू लागले होते, म्हणून त्यांनी मला बसवले. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब किमान २० किंवा खालचा किमान १० मिलिमीटरने उतरला तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणावे, ही व्याख्या १९९६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेली आहे. माझा वरचा दाब ५८ ने उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "तुमचा बीपी कमी नाही. तुम्ही उभे राहता, तो उभा राहत नाही."

गंमत म्हणजे त्यांनी रेघ मारली ती दाबाच्या आकड्याखाली नव्हे, नाडीच्या आकड्याखाली. जुलाबांमुळे किंवा रक्तस्रावामुळे शरीरातले पाणी कमी होऊन दाब पडत असेल, तर हृदय घाबरून पळू लागते आणि नाडी चांगलीच वाढते. माझा दाब एवढा कोसळूनही नाडी जेमतेम पाच ठोक्यांनी हलली होती. दाबातल्या प्रत्येक मिलिमीटर घसरणीमागे नाडी अर्ध्या ठोक्यानेही वाढत नसेल, तर दोष मज्जातंतूंत असण्याची शक्यता मोठी, असा त्यांचा हिशेब होता. १९२५ मध्ये ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांचे वर्णन लिहिले होते, त्यातही हीच खूण नोंदलेली आहे : उभे राहताच दाब पडतो आणि नाडी जागची हलत नाही.

निरोगी माणूस उभा राहतो तेव्हाही अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटातल्या शिरांमध्ये उतरते. गळ्यातल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाबाची चाहूल घेणारे तंतू असतात. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचतो आणि तिथून सिम्पथेटिक मज्जातंतूंमार्फत रक्तवाहिन्यांना आवळण्याचा आदेश सुटतो. या तंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन हे द्रव्य बाहेर पडते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-१ ग्राहकांवर, म्हणजे हा निरोप झेलणाऱ्या जागांवर, जाऊन बसते. हा सगळा खेळ काही क्षणांचा, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या बाबतीत मधुमेहाने पायांच्या संवेदना जशा बोथट केल्या होत्या, तसेच आतले हे तंतूही खाल्ले होते. आदेश सुटत होता, पण पोहोचत नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण 'मला लो बीपी आहे' असे सांगणारी माणसे सर्वत्र भेटतात. ज्याचा दाब कायमच १००/६० च्या घरात असतो आणि ज्याला त्याचा काही त्रास नाही, त्याला बहुधा कोणताही आजार नसतो आणि औषधाचीही गरज नसते. पुढे मी दाब चढवणाऱ्या ज्या मिडोड्रिन नावाच्या गोळीविषयी लिहिणार आहे ती अशा माणसांसाठी नाही. माझ्या गोळ्यांची नावे विचारून घेणाऱ्या एकदोन परिचितांना मला हे जरा कडक शब्दांत सांगावे लागले.

औषध सुरू होण्यापूर्वी औषधे बंद झाली. डॉक्टरांनी माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि त्यांतल्या तीन बाजूला काढल्या. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक मिसळलेला होता. तळपायांच्या आगीसाठी रात्री घेत असलेली अमिट्रिप्टिलिन उभे असतानाचा दाब उतरवते. तिसरी गोळी होती प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन. ती मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते, आणि ते करताना ज्या अल्फा-१ ग्राहकांना थोपवते त्याच घराण्यातले ग्राहक रक्तवाहिन्या आवळण्याचे काम करतात. म्हणजे आधीच अर्धमेला झालेला आदेश जिथे पोहोचायचा, तिथले दारही आम्ही बाहेरून लावून घेतले होते. मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून टॅमसुलोसिन थांबवली आणि प्रोस्टेटचा आकार हळूहळू कमी करणारी फिनास्टेराइड सुरू झाली, जिचा गुण यायला काही महिने लागतात. पायांच्या आगीसाठी वेगळी गोळी आली, बीपीची गोळी तूर्त बंद झाली. एवढ्याने उभे असतानाचा आकडा ९४ वरून १०० च्या थोडा वर आला. घेरी कमी झाली, गेली नाही.

मग आले बिनऔषधी उपाय. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू उंच करून घेतली. याचे कारण मला फार पटले. आडवे असताना माझा दाब जास्त असतो. रात्रभर त्या जास्त दाबाने मूत्रपिंडे मीठ आणि पाणी बाहेर टाकत राहतात, मी वारंवार लघवीला उठतो आणि सकाळी शरीर कोरडे पडलेले असते. सकाळ ही माझी सर्वांत वाईट वेळ का होती, याचे उत्तर त्यात मिळाले. डोके उंचावर ठेवून झोपले की हे वाहून जाणे कमी होते. सुरुवातीला घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी जाग यायची, ती वेगळी गोष्ट. दुसरा उपाय पाण्याचा. अर्धा लिटर साधे पाणी भराभर पिऊन टाकले की काही मिनिटांत दाब चढू लागतो आणि अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वांत वर असतो. तंतू निकामी झालेल्या माणसांत हा परिणाम ठळक दिसतो, घोट घोट पिण्याने मात्र तो मिळत नाही. घट्ट मोज्यांच्या बाबतीत गुडघ्यापर्यंतचे मोजे जवळजवळ निरुपयोगी ठरले, कारण रक्त साठते ते मुख्यतः पोटात. पोटाला बांधायचा पट्टा त्यामानाने कामाचा निघाला. एका वेळी भरपेट न जेवणे, फार कढत पाण्याने अंघोळ न करणे, उभे राहावे लागलेच तर पायांची अढी घालून मांड्या आवळून धरणे, हेही अंगवळणी पडले. या सगळ्याने मला दहा मिनिटे उभे राहता येऊ लागले. दहा मिनिटांत दाढी होते. दाढी, अंघोळ आणि कपडे या तीन गोष्टी एका दमात होत नाहीत.

पहिले औषध मिडोड्रिन नव्हते. आधी फ्लुड्रोकॉर्टिसोनची ०.१ मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी मिळाली. हे संप्रेरकाच्या जातीचे औषध मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते आणि त्याबरोबर पाणीही राहते. परिणाम दिसायला काही दिवस जातात. दाब थोडा वर आला खरा, पण घोटे सुजले, बोट दाबले की खळगा राहू लागला, आणि रक्ततपासणीत पोटॅशियम ३.२ पर्यंत उतरले. पोटॅशियमची औषधे जोडून ते पुढे रेटता आले असते. डॉक्टरांनी तसे न करता ते थांबवले. आडवे असतानाचा दाब त्याने दिवसरात्र वाढवलेला राहतो आणि हवा तेव्हा खाली आणता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तो आक्षेप किती महत्त्वाचा होता हे मला पुढच्या औषधानंतर नीट कळले.

मिडोड्रिन ही गोळी स्वतः फारसे काही करत नाही. पोटात गेल्यावर ती रक्तात चटकन शोषली जाते आणि शरीरात तिचे डेस्ग्लायमिडोड्रिन या द्रव्यात रूपांतर होते. काम करते ते हे द्रव्य. गोळी घेतल्यापासून एक ते दोन तासांत त्याची रक्तातली पातळी शिखरावर असते आणि पुढे दर तीन-चार तासांनी निम्मी होत जाते. ते थेट अल्फा-१ ग्राहकांवर बसते. घंटेकडे जाणारी तार तुटलेली असली तरी घंटा शाबूत होती. मिडोड्रिन तार जोडत नाही, घंटेवरच टोला देते. मेंदूत ते फारसे शिरत नाही, त्यामुळे झोप उडणे, छातीत धडधडणे असला प्रकार त्याने अपेक्षित नसतो आणि मला झालाही नाही.

हे द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, आणि माझे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, थोडे वाढलेले होते, म्हणून सुरुवात २.५ मिलिग्रॅमने झाली. त्याआधी सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते हेही मोजून घेतले गेले. पहिली गोळी मी दवाखान्यातच घेतली. अर्ध्या तासाच्या सुमारास डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्यासारखे झाले. नंतर खाज सुटली, आणि ती खाजवल्याने शमणारी नव्हती. केसांच्या मुळाशी कुणीतरी बारीक सुईने टोचत असावे अशी. थोड्या वेळाने हातांवर काटा उभा राहिला. भीती नाही, थंडी नाही, मी शांतपणे खुर्चीत बसलेलो आणि दंडावरचा एकेक केस ताठ. केस उभे करणाऱ्या बारीक स्नायूंवरही तेच ग्राहक असतात, त्याचा हा प्रताप. परिचारिकेला हे मी जरा संकोचानेच सांगितले, तर ती म्हणाली, "मग गोळी लागू पडली म्हणायची, काका." पुढे पुढे ती खाज माझे घड्याळच झाली. डोके चुळचुळू लागले की उठायला हरकत नाही.

मात्रा हळूहळू वाढवत ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा इथवर आणली गेली. साधारणपणे १० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा इथपर्यंत ती जाते. मला तेवढी लागली नाही. पाच मिलिग्रॅम घेतल्यानंतर तासाभराने उभे राहून तिसऱ्या मिनिटाला घेतलेला आकडा ११८/७० होता. आकड्यापेक्षा मला आठवते ते वेगळेच : मी खिडकीशी उभा राहून पत्नीशी बोलत होतो आणि बोलणे संपल्यावर लक्षात आले की मी कशालाही धरलेले नाही.

तथापि हे औषध काय करते याबद्दल माझी सुरुवातीची कल्पना आणि प्रत्यक्ष यांत बरेच अंतर पडले, आणि तेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे. रक्तदाबाची नेहमीची गोळी सकाळी घ्यावी आणि दिवसभर विसरून जावी, अशी असते. मिडोड्रिन विसरू देत नाही. ती उभे राहण्याचे काही तास देते, जास्तीत जास्त तीन-चार, आणि ते संपले की माणूस होता तिथे परत येतो. त्यामुळे प्रश्न 'गोळी कधी घ्यायची' असा नसून 'आज उभे कधी राहायचे आहे' असा असतो. मी सकाळी जाग आल्यावर पलंगावर बसूनच गोळी भरपूर पाण्याबरोबर घेतो आणि पाऊण तास उशीला टेकून बसून राहतो, मग उठतो. अंघोळ, कपडे, थोडे फिरणे हे त्या पहिल्या गोळीच्या हिश्शाचे. दुसरी दुपारच्या जेवणाच्या बऱ्याच आधी, कारण जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळते आणि दाब पुन्हा पडतो. बँकेचे काम, डॉक्टरांची भेट, कुणाकडे जाणे, जे काही असेल ते या तासांत बसवायचे. सुरुवातीला हे फार जाचक वाटले. नंतर असे दिसले की त्यापूर्वीही माझा दिवस घेरीच्या तालावरच चालत होता, फक्त तो ताल मला आधी कळत नव्हता.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. टोला देणाऱ्याला माणूस उभा आहे की आडवा, हे कळत नाही. औषधाचा अंमल चालू असताना झोपले की पायांतले रक्त वर येते, रक्तवाहिन्या मात्र आवळलेल्याच राहतात, आणि दाब भलताच चढतो. या औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापलेला इशारा आहे तो याचाच. म्हणून शेवटची गोळी झोपण्यापूर्वी किमान चार तास आधी घ्यायची, आणि गोळी घेतल्यावर आडवे व्हायचे नाही. हे वाचायला सोपे आहे. ज्या माणसाला वर्षानुवर्षे दुपारी डोळा लागण्याची सवय आहे, त्याला ते सोपे नाही. पत्नीने त्या बाबतीत माझ्यावर इतका कडक पहारा ठेवला की मी सोफ्यावर नुसता कलंडलो तरी आतून आवाज यायचा, "अहो, बसा सरळ. गोळी घेतलीय ना तुम्ही?" आता दुपारची झोप मी आरामखुर्चीत पाय खाली सोडून काढतो. तिला झोप म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे.

घरी मोजणीची पद्धतही त्यानुसार बदलली. बसून घेतलेला आकडा आमच्या वहीत नाहीच. उठण्यापूर्वी आडवा, मग उभा राहून तिसऱ्या मिनिटाला, गोळीनंतर तासाने पुन्हा उभा, आणि रात्री पाठ टेकल्यावर एकदा आडवा, अशा चार मोजण्या मात्रा ठरेपर्यंत रोज होत्या. रात्रीचा वरचा आकडा १८० च्या पुढे गेला तर दुसऱ्या दिवशी तिसरी गोळी गाळून कळवायचे, असे ठरले होते. या नोंदींबरोबर डॉक्टरांनी आणखी एक रकाना आखायला लावला : आधाराशिवाय किती वेळ उभे राहता आले. पुढे भेटीत ते तोच रकाना आधी पाहायचे. एकदा आकडा १०४ असूनही मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभा होतो आणि एकदा ११६ असूनही लगेच बसावे लागले होते, तेव्हा त्यांनी मात्रा वाढवली नाही. आपल्याला आकडा उभा करायचा नाही, माणूस उभा करायचा आहे, असे त्यांचे म्हणणे.

हा मुद्दा त्या औषधाच्या इतिहासातही अडकलेला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मिडोड्रिनला १९९६ मध्ये जलद मार्गाने मंजुरी दिली. आधार होता उभे असतानाचा वरचा दाब वाढतो, एवढाच. रुग्णाचे जगणे त्याने खरोखर सुधारते, हे नंतरच्या चाचण्यांतून दाखवायची अट होती. ते झाले नाही म्हणून २०१० मध्ये मंजुरी मागे घेण्याचा प्रस्ताव आला. त्यावर रुग्णांकडून आणि डॉक्टरांकडून विरोध झाला आणि औषध बाजारात राहिले. मला दोन्ही बाजू समजतात. आकडा वाढला म्हणजे गुण आला, असे मानणे धोक्याचे आहे, हे माझी वही सांगते. आणि ज्याला या गोळीमुळे अंघोळ उभ्याने करता येते, त्याच्या हातून ती काढून घेणे म्हणजे काय, हेही मला माहीत आहे. रक्तदाब खरोखर किती चढला यापेक्षा लक्षणांत ठळक सुधारणा झाली तरच औषध चालू ठेवावे, हे जे धोरण आहे ते मला रास्त वाटते.

लघवीचा त्रास अपेक्षेप्रमाणे झाला. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही त्याच ग्राहकांच्या हुकमतीखाली असल्यामुळे गोळीनंतर धार बारीक व्हायची, थांबून थांबून यायची, आणि पूर्ण रिकामे झाल्याचे समाधान नसायचे. टॅमसुलोसिनने जे सैल केले होते तेच मिडोड्रिन आवळत होती. आणि दोन्ही एकत्र देणे म्हणजे एकाने ओढायचे, दुसऱ्याने सोडायचे. मधल्या काही महिन्यांत फिनास्टेराइडचा गुण येईपर्यंत मी गोळी घेण्याच्या आधी मूत्राशय रिकामे करून घेण्याची शिस्त पाळली आणि उरलेल्या लघवीची मोजणी पुन्हा झाली. लघवी पूर्ण अडली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, ही सूचना आजही वहीच्या पहिल्या पानावर आहे. ज्यांची लघवी आधीच अडते, ज्यांना गंभीर हृदयविकार आहे किंवा मूत्रपिंडांचा तीव्र आजार चालू आहे, त्यांना हे औषध देत नाहीत.

एका तापाच्या आजारात मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तेव्हा या औषधाविषयी इतरांना किती कमी माहिती असते याचा अनुभव आला. माझ्या यादीत मिडोड्रिन दिवसातून तीन वेळा असे लिहिलेले होते. रुग्णालयाच्या रीतीप्रमाणे तीन वेळा म्हणजे सकाळ, दुपार आणि रात्र. रात्रीच्या गोळ्यांच्या कपात तीही आली, तापाच्या गुंगीत मी ती घेतली आणि सपाट पलंगावर झोपलो. मध्यरात्री डोके ठणकू लागले, कानात ठोके ऐकू येऊ लागले. परिचारिकेने दाब मोजला तर वरचा आकडा २०० च्या जवळ. लगेच दाब उतरवणाऱ्या इंजेक्शनची भाषा सुरू झाली. सोबतीला असलेल्या पत्नीने माझी वही काढून निवासी डॉक्टरांना दाखवली आणि आधी यांना उठवून बसवा असा आग्रह धरला. पलंगाची पाठ उभी केली, पाय खाली सोडून बसवले, आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा १६० च्या घरात आला. इंजेक्शन लागले नाही. त्या तरुण डॉक्टरांनी मोकळेपणाने विचारून सगळे समजून घेतले, हे सांगायला हवे. तेव्हापासून माझ्या कागदांवर 'दिवसातून तीन वेळा' असे नसते. घड्याळाच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि खाली 'रात्री देऊ नये' असे लाल अक्षरांत.

सर्दीची औषधेही आता आधी विचारल्याशिवाय घेत नाही. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असते, आणि तीही रक्तवाहिन्या आवळणारीच द्रव्ये आहेत. मिडोड्रिनवर त्यांची भर पडली की दाब कुठे जाईल, याचा नेम नाही.

ड्रॉक्सिडोपा नावाचे आणखी एक औषध आहे. शरीरात त्याचे नॉरएपिनेफ्रिन बनते, म्हणजे तंतूंनी जे पुरवायचे तेच ते पुरवते. जपानमध्ये ते १९८९ पासून आहे, अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. माझ्या डॉक्टरांनी ते राखून ठेवले आहे. आडवे असताना दाब चढण्याचा धोका त्यालाही आहेच, तेव्हा अदलाबदल करून ती कटकट सुटेल असे नाही.

सध्या आडव्या स्थितीत माझा वरचा दाब १५० ते १६० असतो, आणि गोळीच्या अमलात उभे राहिल्यावर ११० ते १२०. ज्या वयात डॉक्टर दाब खाली आणण्यासाठी धडपडतात, त्या वयात १६० हा आकडा सोसायचा हे ऐकायला विचित्र वाटते. पडून मांडीचे हाड मोडणे हा उद्याचा धोका आहे आणि जास्त दाबाने होणारी इजा वर्षांनी होणारी, या हिशेबावर आम्ही दोघांनी विचारपूर्वक तो स्वीकारला आहे. मूत्रपिंडांची तपासणी ठरावीक अंतराने होते, क्रिएटिनिन वाढल्यास मात्रा खाली आणायची आहे. पहिली आणि दुसरी गोळी ठरलेल्या वेळी असते. तिसरी दुपारी चारच्या सुमारास, आणि तीही संध्याकाळी उभे राहण्याचे काही कारण असेल तरच. नसेल त्या दिवशी ती डबीतच राहते आणि मी बसून असतो.